सागाची अळी खाडीत

पावसाळा सरत आला की एखाद्या वर्षी ठाणे खाडीत ऐरोलीकडची तिवरं बघता बघता तपकिरी पडतात. पुलावरून जाणाऱ्याला वाटतं, खाडीत कुणीतरी विषारी पाणी सोडलं. अशा वेळी काठावरच्या झाडाचं एक पान उलटून पाहावं. पानाची कड कापून दुमडलेली आणि रेशमाच्या बारीक टाक्यांनी शिवलेली असते. ती घडी नखाने उघडली की आतली काळपट अळी झटक्यात मागे सरकते आणि धागा सोडत खाली लोंबकळते.

ही हिब्लिया प्युएरा नावाच्या पतंगाची अळी. डच कीटकअभ्यासक क्रेमरने 1777 मध्ये या पतंगाचं वर्णन केलं. वनखात्याची माणसं या अळीला ओळखतात ती सागाची पानं फस्त करणारी म्हणून. ठाण्याजवळ येऊरच्या डोंगरात साग, खाली खाडीत तिवर. एक लालमातीतला, दुसरा खाऱ्या चिखलातला. मग एकाच अळीला दोन्ही कसे रुचतात? पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञ साग, तिवर आणि निर्गुडी यांना एकाच कुळात धरत. आज कुळं वेगळी झाली, तरी कुळांच्या वरचा गट, म्हणजे गण, एकच राहिला. अळी निर्गुडीही खाते. हे नातं तिच्या जिभेला पुस्तकांच्या आधीपासून ठाऊक होतं, असं मला फार वाटतं!

मादी कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते, सगळी मिळून पाचशेच्या आसपास. लहान अळ्या पान नुसतं खरवडतात. थोड्या मोठ्या झाल्या की घडी शिवून आत बसतात आणि जाड शिरा तेवढ्या शिल्लक ठेवतात. हवामान मानवलं तर अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास जेमतेम तीन आठवड्यांत संपतो, म्हणून झाडं इतक्या झपाट्याने उघडी पडतात.

केरळात निलंबूरच्या कोवळ्या सागवनांत या अळीमुळे लाकडाची वाढ 44 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. पण झाडं मरत नाहीत. अळ्यांवरही एक विषाणू असतो. त्याची साथ आली की त्या मऊ पडून पानांवरच लटकतात. म्हणून कुणी फवारणीचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. ते औषध गळणार खालच्या चिखलात, खेकड्यांवर आणि निवट्यांवर, म्हणजे चिखलात सरपटणाऱ्या माशांवर.

करड्या पंखांचा पतंग फांदीवर बसला तर सालीत मिसळून जातो. उडाला की मागच्या पंखांवरचे नारिंगी पट्टे क्षणभर दिसतात. तोवर उघड्या तिवराच्या टोकांना नवी पालवी फुटू लागलेली असते.