एसी पंपावरचं ओलं फडकं

प्रीमियर पद्मिनीला घरात कुणी पद्मिनी म्हणत नसे, ती फियाटच. १९६४पासून कुर्ल्यात बनणारी फियाट ११०० डिलाइटच पुढे पद्मिनी या नावाने विकली गेली. इंजिन १०८९ सीसी, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००ची ताकदही जवळपास तेवढीच, पण ७९६ सीसीत, आणि गाडी साधारण पाव टनाने हलकी. हे आकडे सगळेच सांगतात. मला या दोन गाड्यांमधला काळ दिसतो तो बॉनेटखालच्या एका ओल्या फडक्यात.

मे महिन्यात माणसं-सामान भरलेली फियाट बोरघाट चढताना कधी कधी आचके देऊन बंद पडे. मग बॉनेट उघडायचं, फडकं भिजवून एसी पंपावर ठेवायचं आणि वाट बघायची. इथे एसीचा गारव्याशी संबंध नाही. मागच्या टाकीतलं पेट्रोल खेचून कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागाला, देणाऱ्या यांत्रिक पंपाला मेकॅनिक एसी पंप म्हणत.

हा पंप इंजिनालाच जोडलेला. घाटात इंजिनावर पूर्ण भार, वेग कमी, त्यामुळे वाराही कमी. पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. शिवाय पंप पेट्रोल खेचतो, म्हणजे नळीतला दाब उतरतो, आणि दाब उतरला की उत्कलनबिंदूही उतरतो. नळीत वाफ होते. वाफ दाबली तर नुसती आकसते, पुढे सरकत नाही. पंप चालू, पेट्रोल बंद! हाच व्हेपर लॉक. फडक्यातलं पाणी उडून जाताना दर ग्रॅममागे सुमारे २४०० ज्यूल उष्णता सोबत नेतं. माठ गार होतो तसंच.

मारुतीतही बरीच वर्षं कार्ब्युरेटरच होता. खरा बदल २०००च्या सुमारास त्याच्या जागी एमपीएफआय, म्हणजे इंजिनाला पेट्रोल दाबाने फवारून देणारी यंत्रणा, आली तेव्हाचा. विजेवर चालणारा पंप टाकीतच बसला आणि पेट्रोल खेचण्याऐवजी दाबाने पुढे ढकलू लागला. कुकरमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही, तसं दाबाखालचं पेट्रोलही सहजी उकळत नाही.

या नव्या पंपाला गारवा मिळतो तो भोवतीच्या पेट्रोलचाच. म्हणून गाडी कायम रिझर्व्हवर हाकणाऱ्यांचा पंप तापतो, आणि तो टाकीच्या आत असल्याने तिथे फडकं ठेवायची सोय नाही.