उठावाचे खांब : क्रोशात उभ्या रेघा, चौकटी आणि वेणी

साखळी, मुका खांब आणि खांब हातात बसले असतील, तर हे पत्रक तुमच्यासाठी. टोपीच्या काठावरच्या उभ्या रेघा, स्वेटरवरची टोपलीसारखी वीण, मधोमध उतरणारी वेणी हे सगळं एकाच युक्तीवर चालतं. खांब नेहमीचाच विणायचा, फक्त सुई खालच्या खांबाच्या डोक्यात घालायची नाही, त्याच्या कमरेभोवती फिरवायची. गोठ्यातल्या खुंट्याला दाव्याचा वळसा देतो ना, तसाच हा वळसा. पुढून दिला की खांब तुमच्याकडे फुगून येतो, मागून दिला की पलीकडे जातो. पहिल्याला आम्ही पुढचा उठाव म्हणतो, दुसऱ्याला मागचा. मोबाइलवरच्या नमुन्यांत हेच फ्रंट पोस्ट आणि बॅक पोस्ट.

नमुना मोबाइलवरून घेणार असाल तर आधी तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते पाहा. आपला खांब अमेरिकन नमुन्यात डबल क्रोशे असतो आणि ब्रिटिश नमुन्यात ट्रेबल. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. एवढ्या एका गोंधळात अख्खी टोपी उसवावी लागते.

सुरुवातीला मध्यम जाडीची फिक्या रंगाची लोकर आणि 4 मिमीची सुई घ्या. काळ्या किंवा गडद जांभळ्या लोकरीत खांबाची कंबर दिवसाही दिसत नाही, रात्री बल्बखाली तर विचारूच नका. बारीक सुती दोरा तोरणा-रुमालाला छान, पण हा टाका त्यावर शिकू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांनी बोटं खरखरीत होतात आणि लोकरीचे तंतू त्यात अडकतात. बसण्याआधी बोटांना खोबरेल लावून कापडाने नीट पुसून घ्या.

पुढचा उठाव असा (उजव्या हाताने विणणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी दिशा उलटी धरावी): सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या. सुई समोरून, खांबाच्या उजव्या बाजूने मागे घाला आणि डाव्या बाजूने परत समोर काढा. आता अख्खा खांब सुईवर आडवा पडलेला दिसला पाहिजे. दोरा धरून मागून ओढून आणा, सुईवर 3 फास होतील. इथे घाई करू नका. ओढलेला फास ओळीच्या उंचीपर्यंत वर आणा, मगच पुढे दोन-दोन फासांतून दोनदा दोरा काढा. हा फास आखूड राहिला की कापड चुण्या पडून आवळतं. मागच्या उठावात सुई कामाच्या मागून निघते, खांबाच्या उजवीकडून पुढे येते आणि डावीकडून परत मागे जाते. बाकी सारं तेच. सुरुवातीला मनगट अवघडतं, कापड थोडं स्वतःकडे दुमडून धरलं की सोपं पडतं.

सरावाला हा तुकडा करा. 22 साखळ्या घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब विणा आणि शेवटपर्यंत जा. सोडलेल्या 3 साखळ्या एक खांब धरून एकूण 20 खांब होतात. ही साधी ओळ लागतेच, कारण साखळीला कंबर नसते. आता काम फिरवा आणि 2 साखळ्या घ्या (हाच पहिला खांब). उठावाचा खांब खालून सुरू होतो म्हणून बुटका पडतो. 3 साखळ्या घेतल्या तर कडेला पोकळ कानं उभी राहतात. मग 3 पुढचे, 3 मागचे उठाव, असं 18 खांबांवर करा आणि शेवटचा साधा खांब कडेच्या साखळीच्या टोकात घाला. अशा 3 ओळी झाल्या की अदलाबदल: पुढच्या 3 ओळी 3 मागच्या उठावांनी सुरू करा. टोपलीची वीण दिसू लागेल. चौकट बसकी हवी असेल तर 2-2 ओळींनी बदला.

काम फिरवल्यावर पुढचे खांब मागे गेलेले दिसतात आणि तिथेच बहुतेकांचं डोकं फिरतं. ओळ पाठ करू नका, कापडाकडे पाहा. तुमच्याकडे फुगलेला खांब दिसला की पुढचा उठाव, आत गेलेला दिसला की मागचा. उलटं फक्त चौकट बदलायच्या ओळीत करायचं. गोल विणताना, म्हणजे टोपीत, काम फिरवायचंच नसतं. तिथे पुढच्यावर पुढचा, मागच्यावर मागचा. काठाला 1 पुढचा, 1 मागचा असं 3 फेऱ्या करा. टाके सम संख्येत हवेत, नाहीतर सांध्यावर दोन सारखे खांब शेजारी येतात. हा काठ ताणतो आणि परत बसतो, म्हणून डोक्याच्या घेरापेक्षा 4-5 सेंमी कमी ठेवा.

दर ओळीला 20 मोजा. 21 किंवा 22 झाले तर उठावाच्या खांबामागचं डोकं रिकामं सोडायचं राहून गेलं असेल आणि त्यातही एक खांब घातला गेला असेल. पहिला उठाव दुसऱ्या खांबावर घ्यायचा असतो, अगदी कडेच्या खांबाभोवती घेतला तरी एक वाढतो. 19 झाले तर शेवटचा साखळीतला खांब सुटला. मोजणी बरोबर असून खांब उठत नसेल तर सुई खांबाच्या धाग्यांमधून घुसली आहे, कंबर पूर्ण वेढली गेलेली नाही. उसवा, तेवढाच खांब परत घ्या.

वेणीसाठी 4 खांब लागतात आणि दोन्ही बाजूंना 2-2 मागचे उठाव, म्हणजे ती उठून दिसते. सुलट ओळीत पहिले 2 खांब सोडून तिसऱ्या-चौथ्याभोवती पुढचे उठाव घ्या, मग सुई त्यांच्या समोरून आणून सोडलेल्या 2 खांबांभोवती घ्या. हे चारही सुईवर 2 वेढे घेऊन लांब विणायचे, कारण त्यांना तिरपं जावं लागतं. साधे विणले तर कापड खेचलं जातं. उलट ओळीत चारही मागचे उठाव. पीळ दर चौथ्या ओळीला द्या आणि प्रत्येक वेळी समोरूनच, एकदा मागून गेला की दोरखंडाचा पीळ तिथेच तुटतो.

हा तुकडा इस्त्रीखाली ठेवू नका. अॅक्रिलिक लोकर गरम इस्त्रीने चपटी पडते आणि मग काही केलं तरी फुगत नाही. धुतल्यावर पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून सावलीत आडवं पसरा.

उठावाला साध्या विणीपेक्षा लोकर बरीच जास्त लागते आणि कापड रुंदीत आकसतं. म्हणून मापाचा अंदाज साध्या खांबावरून बांधू नका. सरावाचा तुकडा बाजाराच्या दिवशी दुकानात आणा. वजन करून आणि फूटपट्टीने मोजून तुमच्या स्वेटरला किती गुंडे लागतील ते काढून देऊ. सगळे गुंडे एकाच वेळी आणि एकाच लॉट नंबरचे घ्या. पट्टीवरचा नंबर वेगळा असला की रंग दुकानात सारखा वाटतो, उन्हात मात्र बाही वेगळी दिसते. न उघडलेला गुंडा पट्टीसकट आणला तर परत घेतो.