मॅक्रो छायाचित्रण, स्मार्टफोनद्वारे

स्मार्टफोनमधील कॅमेऱ्याने, वेगळे भिंग जोडून किंवा न जोडता, लहान वस्तूचे अतिशय जवळून छायाचित्र घेण्याची पद्धत. फुलातील परागकोश, कीटकाचे संयुक्त नेत्र, नाण्यावरील अक्षरे, कापडाची वीण, छपाईतील रंगठिपके असे नुसत्या डोळ्यांना दिसणारे, पण सहजी न उलगडणारे तपशील हा तिचा विषय होय. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या चित्रांपासून ती वेगळी मानली जाते. मात्र स्मार्टफोनच्या बाबतीत या दोहोंमधील सीमारेषा पुसट झाली आहे.

व्याख्येचा प्रश्न : मॅक्रो छायाचित्रणाची रूढ व्याख्या गुणोत्तरावर आधारलेली आहे. फिल्मवर किंवा संवेदकावर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर) पडणारी प्रतिमा वस्तूच्या प्रत्यक्ष आकाराएवढी किंवा त्याहून मोठी असेल, म्हणजे गुणोत्तर १:१ किंवा अधिक असेल, तरच ते मॅक्रो, अन्यथा ते केवळ निकट छायाचित्रण, असे काटेकोर अभ्यासक मानतात. वरच्या मर्यादेबाबत एकमत नाही. काही ती १० पट, तर काही २० पट मानतात. १८९९ मध्ये डब्ल्यू. एच. वॉल्म्सली यांनी दहा पटींपेक्षा कमी वर्धनाच्या चित्रांसाठी सूक्ष्मदर्शकीय चित्रांहून वेगळी संज्ञा सुचवली होती. दहाची मर्यादा बहुधा तेथूनच रुळली असावी. खालची मर्यादा व्यवहारात त्याहूनही सैल आहे. १९५५ च्या सुमारास बाजारात आलेले किलफिट कंपनीचे ‘मॅक्रो-किलार’ हे भिंग १:२ आणि १:१ अशा दोन्ही प्रकारांत मिळत असे, आणि मॅक्रो हे नाव दोहोंनाही लावलेले होते.

हे गुणोत्तर ३६ मिमी. रुंदीच्या फिल्मचौकटीच्या काळात सोयीचे होते. स्मार्टफोनचा संवेदक मात्र बहुधा ४ ते १० मिमी. एवढाच रुंद असतो. अशा संवेदकावर १:५ एवढेच गुणोत्तर मिळाले, तरी २० ते ५० मिमी. रुंदीची वस्तू चौकट भरून टाकते, म्हणजे पाहणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम ३६ मिमी. चौकटीवरील १:१ चित्राच्या आसपासचाच असतो. म्हणून काटेकोर व्याख्येनुसार स्मार्टफोनमधील बहुतेक मॅक्रो छायाचित्रे मॅक्रो ठरत नाहीत. उलट, उत्पादकांच्या जाहिरातींमध्ये २ किंवा ४ सेंमी. हे किमान अंतर मॅक्रोचे लक्षण म्हणून सांगितले जाते. परंतु भिंगाचा दृष्टिकोन, म्हणजे चौकटीत मावणाऱ्या दृश्याचा कोन, किती रुंद आहे हे कळल्याशिवाय त्या अंतराला अर्थ नसतो. चौकटीत मावणाऱ्या सर्वांत लहान क्षेत्राची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगणे, हा मापनाचा तिसरा मार्ग संवेदकाच्या आकारावर अवलंबून नसल्यामुळे अधिक विश्वसनीय आहे आणि या नोंदीत तोच ग्राह्य धरला आहे.

प्रकाशकीय तत्त्व : दूरच्या वस्तूवरून जवळच्या वस्तूवर फोकस आणताना भिंग संवेदकापासून दूर सरकवावे लागते. हे सरकणे किती, तर केंद्रांतराच्या (अतिदूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर स्पष्ट पडते, त्या अंतराच्या) वर्गाला वस्तूचे अंतर वजा केंद्रांतर या संख्येने भागून जे येते तेवढे. स्मार्टफोनमध्ये हे काम ‘व्हॉइस कॉइल’ प्रकारची लहानशी विद्युतचुंबकीय मोटर करते आणि पातळ फोनमध्ये तिला मिलिमीटरच्या काही दशांशांएवढीच जागा मिळते. मुख्य कॅमेऱ्याचे प्रत्यक्ष केंद्रांतर ६ मिमी. धरले, तर १० सेंमी. अंतरावरील वस्तूसाठी भिंग सुमारे ०.३८ मिमी. सरकावे लागते, हेच अंतर ५ सेंमी. केले की ०.८२ मिमी. लागतात आणि मोटरची हद्द ओलांडली जाते. याउलट १.६ मिमी. केंद्रांतराच्या अल्ट्रावाइड (अतिरुंद दृश्य टिपणाऱ्या) भिंगाला २ सेंमी. अंतरासाठीही जेमतेम ०.१४ मिमी. पुरतात. मॅक्रोची जबाबदारी मुख्य कॅमेऱ्याकडून अल्ट्रावाइडकडे का गेली, याचे उत्तर या आकड्यांत आहे. मुख्य कॅमेऱ्याचे संवेदक वर्षागणिक मोठे होत गेले, त्याबरोबर केंद्रांतर वाढले आणि कमाल जवळीक कमी झाली. नव्या महागड्या फोनचा मुख्य कॅमेरा जुन्या साध्या फोनएवढा जवळ जाऊ शकत नाही, ही वरकरणी विचित्र वाटणारी गोष्ट त्यामुळेच घडते.

लहान संवेदकामुळे क्षेत्रखोली, म्हणजे एकाच वेळी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी, आपोआप अधिक मिळते, असे वारंवार लिहिले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. सुमारे ५.६ मिमी. रुंद संवेदकावरील एफ/१.८ (केंद्रांतर भागिले छिद्राचा व्यास) हे छिद्र तेवढ्याच क्षेत्राच्या चित्रासाठी ३६ मिमी. चौकटीवरील एफ/११ ते एफ/१२ च्या तोडीचे असते. खोली वाढते ती त्यामुळे, आणि विवर्तनाने (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) येणारा मऊपणा व कमी प्रकाशातील रवाळपणाही त्याच प्रमाणात वाढतो. शिवाय मोठ्या कॅमेऱ्यात छिद्र बदलता येते, तर बहुतेक फोनमध्ये ते स्थिर असते.

विकास : सुरुवातीच्या कॅमेराफोनमध्ये स्थिर फोकसाची भिंगे असत आणि जवळची वस्तू त्यांत धूसरच येई. साधारणपणे २००५ पासून ऑटोफोकस असलेल्या काही फोनमध्ये मॅक्रो हा वेगळा पर्याय दिसू लागला. आयफोनमध्ये ऑटोफोकस २००९ च्या ३जीएस या मॉडेलपासून आला. यानंतरच्या घडामोडींत ‘पहिला मॅक्रो फोन’ कोणता, याबाबत उत्पादकांचे दावे परस्परविरोधी आहेत. ऑक्टोबर २०१८ मधील ह्युआवे मेट २० प्रो या फोनचा अल्ट्रावाइड कॅमेरा २.५ सेंमी. अंतरावर फोकस साधत असे, तर मे २०१९ मधील ऑनर २० मध्ये केवळ मॅक्रोसाठी २ मेगापिक्सेलचा स्वतंत्र कॅमेरा होता. स्वतंत्र कॅमेरा हा निकष लावला तर दुसऱ्याचे पारडे जड होते. चित्राच्या गुणवत्तेचा विचार केल्यास पहिल्याने दाखवलेला मार्गच टिकला. २ मेगापिक्सेलचे, अनेकदा ऑटोफोकस नसलेले मॅक्रो कॅमेरे पुढील काही वर्षे स्वस्त फोनमध्ये सर्रास बसवले गेले, परंतु त्यांचा उपयोग कॅमेऱ्यांची संख्या फुगवण्यापलीकडे फारसा झाला नाही.

सप्टेंबर २०२१ मधील आयफोन १३ प्रोने ऑटोफोकसयुक्त अल्ट्रावाइडद्वारे २ सेंमी. अंतर साधले. वस्तू जवळ येताच कॅमेरा आपोआप बदलत असल्याने चौकट एकदम सरकत असे. हा बदल रोखण्याची सोय त्याच वर्षी सॉफ्टवेअरमधून देण्यात आली. मार्च २०२१ मधील ओप्पो फाइंड एक्स३ प्रोमध्ये भिंगाभोवती प्रकाशाचे कडे असलेला ३ मेगापिक्सेलचा, ६० पट वर्धनाचा ‘मायक्रोस्कोप’ कॅमेरा होता. तो फोन जवळजवळ वस्तूवर टेकवून वापरावा लागे. अलीकडचा कल टेलिफोटो (दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या) भिंगाकडे आहे. शाओमी १३ प्रोमधील (३६ मिमी. चौकटीच्या हिशेबाने) ७५ मिमी. समतुल्य टेलिफोटो, आतील भिंगगट सरकण्याच्या रचनेमुळे, १० सेंमी. अंतरापर्यंत फोकस साधतो. या अंतरावरून कीटक बिथरण्याची शक्यता कमी असते, फोनची सावली वस्तूवर पडत नाही आणि अल्ट्रावाइडमध्ये जाणवणारी कडांची ओढाताणही टळते. त्यामुळे तिन्ही मार्गांत हा उजवा म्हणता येईल.

जोडभिंगे : फोनवर चिमट्याने बसणारी बहिर्गोल भिंगे २०११ च्या सुमारास लोकप्रिय झाली. फोन अनंतावर, म्हणजे अतिदूरच्या वस्तूवर, फोकस केलेला असताना वस्तू जोडभिंगाच्या केंद्रांतरावर धरावी लागते आणि वर्धन हे फोनचे केंद्रांतर भागिले जोडभिंगाचे केंद्रांतर एवढे असते. भिंगावर छापलेले ‘१०×’ हे २५० मिमी. अंतरावरून पाहणाऱ्या डोळ्याच्या हिशेबाने असते. त्याचे केंद्रांतर २५ मिमी. होते, आणि ६ मिमी.च्या फोनभिंगापुढे ते प्रत्यक्षात जेमतेम ०.२४ पट वर्धन देते. ८ मिमी. रुंद संवेदकावर त्यामुळे सुमारे ३३ मिमी. क्षेत्र मावते. दुसऱ्या फोनचे समान केंद्रांतराचे भिंग उलटे धरल्यास गुणोत्तर १:१ पर्यंत जाते, मात्र कडा काळवंडतात. भिंगावर पाण्याचा थेंब ठेवण्याची युक्ती हा याच तत्त्वाचा अनघड अवतार होय. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश व जिम सिबुल्स्की यांनी विकसित केलेला, २०१४ पासून परिचित झालेला फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक फोनला जोडून सुमारे १४० पट वर्धन मिळते. एकाच लहान गोल भिंगाची त्याची रचना सतराव्या शतकातील डच सूक्ष्मदर्शककार लेव्हेनहूक यांच्या उपकरणांशी नाते सांगते.

तंत्र : हात आणि वस्तू या दोहोंची किंचित हालचालही क्षेत्रखोलीपेक्षा मोठी ठरत असल्याने फोन टेकवून धरणे, फोकस स्थिर करून फोनच सावकाश पुढेमागे नेणे आणि सलग अनेक चित्रे घेणे या पद्धती रूढ आहेत. वेगवेगळ्या अंतरांवर फोकस साधलेली चित्रे एकत्र करून सर्वत्र स्पष्ट असे एक चित्र तयार करता येते, पण ते स्थिर वस्तूंपुरतेच. फोनचा फ्लॅश भिंगाच्या एका बाजूला असल्यामुळे इतक्या जवळून एकांगी पडतो; मऊ, बाजूने येणारा प्रकाश अधिक उपयुक्त असतो.

उपयोग : वनस्पती व कीटकांच्या नोंदी, त्वचेचे परीक्षण, नाणी व हस्तलिखिते यांचे दस्तऐवजीकरण यांसाठी हे तंत्र वापरले जाते. अशा नोंदींमध्ये चौकटीत मोजपट्टी ठेवणे आवश्यक मानले जाते, कारण फोनमधील सॉफ्टवेअर चित्र आपोआप कापते व मोठे करते आणि नंतर केवळ चित्रावरून वस्तूचा आकार काढता येत नाही. त्याच कारणाने कडा कृत्रिमरीत्या ठळक केलेल्या चित्रापेक्षा प्रक्रिया न केलेली रॉ स्वरूपातील फाइल जतन करणे श्रेयस्कर ठरते.