ड्युअल ओव्हरड्राइव्ह लूप स्विचरला जोडताना

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सोलापूर

ड्युअल ओव्हरड्राइव्ह म्हणजे एकाच डब्यात बसवलेली, गिटारचा आवाज दाट आणि फाटका करणारी दोन पेडल्स. लूप स्विचर, म्हणजे सगळी पेडल्स एकाच जागेवरून चालू-बंद करणारा डबा, घेतल्यावर बरेच वादक हे अख्खं पेडल एकाच लूपमध्ये घालतात. लूप म्हणजे स्विचरवरची दोन जॅकची जोडी: सेंडमधून सिग्नल पेडलकडे जातो, रिटर्नमधून परत येतो. मग लूप चालू केला तरी कोणती बाजू वाजणार हे पेडलच्याच बटणांवर ठरतं. मुखड्याला हलका ड्राइव्ह आणि सोलोला दोन्ही बाजू एकत्र हव्या असतील, तर पाय पुन्हा पेडलवर न्यावा लागतो. स्विचरवर खर्च केला तो नेमका हे टाळायला. म्हणून पेडल परवानगी देत असेल तिथे प्रत्येक बाजूला स्वतंत्र लूप द्या, असा आमचा आग्रह आहे.

आधी जॅक मोजा

केबल विकत घेण्याआधी पेडलला जॅक किती आहेत ते बघा. इनपुट एक आणि आउटपुट एक असेल, तर दोन्ही बाजू आतूनच एकामागोमाग जोडलेल्या आहेत. बाहेरून त्या वेगळ्या करता येत नाहीत, त्यामुळे असं पेडल एकाच लूपमध्ये जाईल. पेडलला रिमोटचा जॅक आणि स्विचरला कंट्रोल आउट असेल, तर दोन्ही बाजू स्विचरवरून चालू-बंद करता येतात. फक्त पेडलला लॅचिंग (दाबल्यावर तसाच राहणारा) स्विच लागतो की मोमेंटरी (दाबून धरेपर्यंतच चालणारा) हे मॅन्युअलमध्ये बघून स्विचर तसाच सेट करा. हे जुळलं नाही तर एकदा दाबून काहीच होत नाही आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर बाजू बदलते.

काही पेडल्सना इन आणि आउटच्या मध्ये एकच स्टिरिओ इन्सर्ट जॅक असतो. तिथे वाय केबल लागते: एका टोकाला स्टिरिओ प्लग, दुसऱ्या टोकाला दोन मोनो. प्लगच्या टिपवर (टोकावर; त्यामागचं कडं म्हणजे रिंग, सर्वांत मागचा भाग म्हणजे स्लीव्ह) पहिल्या बाजूचं आउटपुट आहे की दुसऱ्या बाजूचं इनपुट, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. अंदाजाने जोडू नका.

चार जॅक असतील तर सगळ्यात उत्तम. पुढची माहिती मुख्यतः अशा पेडल्ससाठी आहे.

जोडणी

पेडलच्या बाजूंना अ आणि ब म्हणू, आणि स्विचरवर लूप ३ आणि ४ मोकळे आहेत असं धरू. सेंड ३ मधून केबल अ च्या इनपुटला, अ च्या आउटपुटमधून रिटर्न ३ ला. सेंड ४ मधून ब च्या इनपुटला, ब च्या आउटपुटमधून रिटर्न ४ ला. चार पॅच केबल, आठ प्लग. जोडताना अँपचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा, लूप ३ ला एक रंग आणि लूप ४ ला दुसरा. बोर्ड उलटा करून अंधाऱ्या विंगेत केबल शोधायची वेळ आली की या टेपची किंमत कळते.

आता पेडलवरची दोन्ही बटणं दाबून दोन्ही दिवे लावा आणि ते कायम तसेच ठेवा. यापुढचं काम स्विचरचं. काही नव्या पेडल्सचं बटण यांत्रिक नसतं. वीज गेली आणि आली की ती बंद अवस्थेत सुरू होतात. लूप चालू असूनही आवाज साफच येत असेल तर आधी पेडलचा दिवा बघा. काही पेडल्सना वीज येताच चालू अवस्थेत सुरू होण्याची सेटिंग असते, ती एकदाच करून ठेवा.

चार जॅकच्या पेडलमध्ये सहसा अ चं आउटपुट आतून ब च्या इनपुटला जोडलेलं असतं. प्लग खोचला की जॅकमधली पत्र्याची पट्टी उचलली जाते आणि ती आतली जोडणी तुटते. प्लग अर्धवट बसला, तर पट्टी पूर्ण उचलली जात नाही आणि बंद केलेल्या बाजूचा आवाज दुसरीत मिसळतो. प्लग ‘टक्’ असा बसेपर्यंत दाबा. पेडलवर दोन बाजूंचा क्रम बदलणारा स्विच असेल, तर तोही बहुधा या आतल्या जोडणीवरच चालतो, म्हणून चारही केबल लावल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. क्रम बदलायचा तर केबल बदला. बॉस ईएस-८ सारख्या स्विचरमध्ये लूपचा क्रम प्रीसेटमध्येच बदलता येतो, तिथे हा प्रश्नच नाही.

आधी कोण, नंतर कोण

साध्या स्विचरमध्ये सिग्नल लूप १ पासून चढत्या क्रमाने जातो. कमी गेनची (आवाज कमी फाडणारी) बाजू आधी आणि जास्त गेनची नंतर ठेवली, तर दोन्ही चालू केल्यावर आवाज दाट होतो, नोट जास्त वेळ टिकते, पण व्हॉल्यूम फारसा वाढत नाही. कारण दुसरी बाजू आधीच क्लिप होत असते. तिच्यात कितीही जास्त सिग्नल घातला तरी ती तेवढ्यावरच कापते. उलट क्रम लावला, तर कमी गेनची बाजू शेवटी येते आणि सोलोला खरोखर आवाज उचलून देते. ढोल-ताशा किंवा मोठ्या कीबोर्डच्या वर गिटार यायला हवी असेल तर हाच क्रम घ्या. पहिला प्रयोग म्हणून कमी गेनच्या बाजूचा ड्राइव्हचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा नऊ वाजता, लेव्हलचा दोन वाजता ठेवा. प्रत्येक बाजू एकटी वाजवून तिची लेव्हल साफ आवाजाशी आधी जुळवून घ्या, आणि मगच दोन्ही एकत्र लावा.

फझ (ओव्हरड्राइव्हपेक्षा खरखरीत आवाज देणारं पेडल) वापरत असाल तर तो ड्राइव्हच्या आधीच्या लूपमध्ये ठेवा. स्विचरच्या इनपुटला बफर (सिग्नल मजबूत करणारं सर्किट) असेल तर तो फझसाठी बंद करा. फझ फेस जातीच्या पेडलला थेट गिटारचा पिकअप लागतो.

वीज

बहुतेक ओव्हरड्राइव्हना ९ व्होल्ट डीसी, मधला पिन ऋण, २.१ मिमीची पिन लागते. करंट अगदी कमी लागतो. रिले (विजेवर चालणारे स्विच) असलेल्या स्विचरला मात्र त्याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून त्याला अडॅप्टरचं स्वतंत्र आणि पुरेसं आउटपुट द्या. कीबोर्डचा अडॅप्टर आकाराने बसतो म्हणून लावू नका. अनेकांचा मधला पिन धन असतो आणि व्होल्टेजही वेगळं असतं. उलट वीज गेली की पेडलमधला संरक्षक डायोड जळतो किंवा अडॅप्टर तापतो.

एका अडॅप्टरवरून साखळी केबलने सगळं चालवल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर कारण बहुधा व्होल्टेज दुप्पट करणारी चिप असलेलं पेडल असतं. क्लॉन या ओव्हरड्राइव्हच्या जातीच्या पेडल्समध्ये अशी चिप असते. उपाय एकच, प्रत्येक पेडलला वेगळं केलेलं आउटपुट देणारी पॉवर सप्लाय. मंडपातल्या जनरेटरवर आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही गुणगुण वाढते, तिथे दोष पेडलचा नसतो.

आणि गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. गिटारच्या तारा अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अँपमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसेल, तर तो करंट तारांमधून वादकाच्या हातात येतो. मायक्रोफोनला ओठ लागले की तो छातीतून जातो.

बिघाड ओळखताना

सगळ्यात फसवा बिघाड दोन रिटर्नची अदलाबदल हा आहे. लक्षण पक्कं असतं: लूप ३ एकटा चालू केला तर शांतता, लूप ४ एकटा चालू केला तरी शांतता, आणि दोन्ही चालू केले की फक्त अ चा आवाज. ब चं आउटपुट स्विचरमधून फिरून तिच्याच इनपुटला पोचलेलं असतं. त्यामुळे ती आतल्या आत ओरडत राहते आणि कधी कधी मागे बारीक किंचाळी झिरपते. लोक पेडल बिघडलं असं समजतात. रिटर्नच्या दोन केबल अदलाबदल करा, काम झालं. इन्सर्ट जॅकच्या वाय केबलमध्ये टिप आणि रिंग उलटी झाली तरी प्रत्येक लूप एकटा चालू केल्यावर शांतताच येते.

लूप चालू करताना मोठा ‘टक’ येत असेल, तर पेडलच्या इनपुट किंवा आउटपुटवर डीसी साचतो आहे. त्या जॅकच्या टिप आणि स्लीव्हमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला की तो निचरतो, आणि आवाजावर काही परिणाम होत नाही. तरीही ‘टक’ गेला नाही तर बहुधा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवणारा भाग) गळतो आहे, तो बदला.

गुणगुण असेल तर दोन्ही लूपच्या केबल एकत्र बांधा. त्या ट्रान्सफॉर्मरपासून निदान ३० सेंमी दूर ठेवा, आणि विजेची वायर ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. पेडलची दोन्ही बाजूंची ग्राउंड एकच असल्यामुळे चार केबलच्या शिल्डने (आतल्या तारेभोवतीच्या जाळीने) फेरा तयार होतो आणि त्यातून गुणगुण येते. फारच त्रास असेल तर सेंड ४ च्या एकाच केबलची शिल्ड पेडलकडच्या टोकाला तोडता येते. त्या केबलवर लाल टेप लावा, दुसरीकडे कुठे लावली तर ती गुणगुणेल.

केबल घरी बनवत असाल तर

जॅकपासून जॅकपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यात ३ सेंमी जास्त धरा. वायर सोलल्यावर शिल्डखाली काळ्या प्लास्टिकचा पातळ थर दिसतो का बघा. तो विजेचा वाहक असतो. तो मधल्या तारेच्या टोकाला टेकत राहिला, तर केबल वाजते पण आवाज मंद आणि बोथट येतो. तो थर टोकापासून ५ मिमी मागे सोलून टाका. शिल्डचा एकही केस टिपकडे वळलेला राहू देऊ नका. शेवटी मल्टिमीटरवर टिप ते टिप आणि स्लीव्ह ते स्लीव्ह बीप यायला हवी, टिप ते स्लीव्ह नाही. हे करताना प्लग हलवून बघा. खरखर करणारी केबल सरळ धरली की बहुतेक वेळा शहाण्यासारखी वागते.

आपल्याकडे लूमचा कापूस हवेत असतो. तो जॅकमध्ये साठून खरखर होते. न वापरलेल्या जॅकवर टोपी लावा, आणि साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, तेल नको. एप्रिल-मेमध्ये गाडीत ठेवलेल्या बोर्डवरच्या वेल्क्रोचा गोंद पातळ होतो आणि पेडल सरकून केबल ताणली जाते. जड ड्युअल पेडलला वेल्क्रोबरोबर एक केबल टायही लावा.

जोडणी करून घ्यायला दुकानात येताना पेडल, स्विचर, अडॅप्टर आणि सध्याच्या सगळ्या केबल सोबत आणा. शक्य असेल तर अँपही. गुणगुण बऱ्याचदा अँप जोडल्याशिवाय दिसतच नाही.