चाळीसची गर्दी, एकेचाळीसची टंचाई

2011 च्या जनगणनेतली भारतीयांची वयं एकेका वर्षाने मांडून आलेख काढला, तर तो दात मोडलेल्या फणीसारखा दिसतो. 30, 35, 40, 45, 50, 60 या वयांवर उंच सुळके आणि प्रत्येक सुळक्याच्या दोन्ही बाजूंना खड्डे. चाळीस वर्षांच्या माणसांची ही गर्दी, आणि एकोणचाळीस, एकेचाळीसची त्या मानाने फारच थोडी. 55 चा सुळका 50 किंवा 60 च्या मानाने बुटका असतो, कारण शून्यावर लोकांचा जीव पाचापेक्षा जास्त.

पोरं काही दर पाच वर्षांनी घाऊक जन्माला येत नाहीत. वय विचारल्यावर लोक काय सांगतात, ते या आलेखात उमटलेलं असतं. आपल्या समाजाबद्दल इतकं सांगून जाणारं दुसरं चित्र क्वचितच सापडेल, असं मला मनापासून वाटतं.

दारात प्रगणक उभा असतो; पुष्कळदा तो शाळेतला शिक्षकच. "आजी, वय किती लिहू?" "लिहा की साठ." "नक्की साठ?" "आता काय सांगू बाबा, बहात्तरच्या दुष्काळात थोरला रांगत होता." मग गुरुजी मनातल्या मनात हिशोब मांडतात. पानशेतचा पूर 1961 चा, कोयनेचा भूकंप 1967 चा, किल्लारीचा 1993 चा. वय ठरवायला अशा स्थानिक घटनांचा आधार घेणं ही जनगणनेतली मान्य रीतच आहे. तरीही दिवस मावळायला आलेला आणि घरं बाकी असली, की साठच लिहिलं जातं.

हा कल मोजण्याची एक सोपी रीत अमेरिकेतल्या जॉर्ज व्हिपल यांच्या नावाने ओळखली जाते. 23 ते 62 ही चाळीस वयं घ्यायची. त्यांत 0 किंवा 5 ने संपणारी आठ, म्हणजे एक पंचमांश. लोकांनी खरं वय सांगितलं, तर शंभरातली साधारण वीस माणसं या आठ वयांत पडायला हवीत. तसं झालं की निर्देशांक 100. वीसऐवजी तीस पडली तर 150, आणि सगळेच्या सगळे पडले तर 500. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतवारीत 105 च्या आतली माहिती अगदी विश्वासार्ह, तर 175 च्या वरची फारच ढोबळ मानतात. केरळमध्ये हे सुळके बुटके, बिहार-उत्तर प्रदेशात उंच. जिथे शिक्षण पोहोचलं, तिथे फणीचे दात झिजत जातात. म्हणून आर्थिक इतिहासाचे अभ्यासक जुन्या काळातल्या लोकांची अंकओळख अजमावायला हेच साधन वापरतात. फ्लॉरेन्सच्या 1427 च्या करनोंदींतही असेच सुळके सापडले आहेत.

मात्र सगळं श्रेय शाळेला देता येत नाही. चीनमधल्या हान लोकांत साक्षरता कमी होती, त्या काळातही वयाचे आकडे बऱ्यापैकी अचूक निघाले. तिथे प्रत्येक वर्षाला उंदीर, वाघ, ड्रॅगन असा एक प्राणी असतो. आपल्या जन्मवर्षाचा प्राणी निरक्षर माणूसही विसरत नाही, आणि बारा वर्षांच्या चक्रातून वय नेमकं काढता येतं.

जपानच्या लोकसंख्येच्या मनोऱ्यातली, म्हणजे वयांनुसार माणसं मांडलेल्या आलेखातली खाच मात्र खरीखुरी आहे. 1965 मध्ये तिथे सुमारे 18 लाख 24 हजार बाळं जन्मली, 1966 मध्ये 13 लाख 61 हजार, आणि 1967 मध्ये पुन्हा 19 लाख 36 हजार. 1966 हे दर साठ वर्षांनी येणारं 'अग्नी-अश्व' वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते, अशी समजूत. युद्ध नाही, साथ नाही, तरी एका समजुतीपायी जन्म एका वर्षात चौथ्या हिश्श्याने घटले! त्याआधीच्या, 1906 च्या फेऱ्यात तर काही आईबापांनी मुलीची जन्मनोंद मागच्या किंवा पुढच्या वर्षात सरकवली होती.

आपल्याकडचा असाच एक सुळका वर्षांचा नसून तारखेचा आहे: 1 जून. पूर्वी शाळेत नाव घालताना डोक्यावरून हात नेऊन पोराच्या बोटांना पलीकडचा कान लागतो का, ते पाहायचे. लागला की पोर सहा वर्षांचं झालं. जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी 1 जून टाकून मोकळे. तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, मग नोकरीच्या कागदांवर, आणि निवृत्तीही त्याच हिशोबाने. महाराष्ट्रात 1 जूनला वाढदिवसांची झुंबड उडते ती यामुळे.

नियोजनासाठी हे सुळके गणिताने सपाट करावेच लागतात. नाहीतर साठीनंतरचं निवृत्तिवेतन किती जणांना द्यावं लागेल, याचा अंदाज हुकतो. पण मूळ आलेखही लोकांसमोर असायला हवा. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. जन्मदाखला हातात असलेल्या पिढीचा भाग आता सपाट व्हायला हवा आणि सुळके उजवीकडे, म्हाताऱ्या वयांकडे सरकायला हवेत. पहिला ठळक सुळका 30 वर दिसतो, 40 वर की 50 वर, आणि बायकांचा व पुरुषांचा एकाच वयावर दिसतो का, हे आकडे आल्याबरोबर मी आधी पाहणार आहे.