जलतरणाचे टेक्निकल ऑफिशियल

स्विमिंगच्या स्पर्धेत पूलच्या कडेला बहुतेकदा पांढऱ्या कपड्यांत उभी दिसणारी माणसं म्हणजे टेक्निकल ऑफिशियल: रेफरी, स्टार्टर, स्ट्रोक जज, टर्न जज, टाइमकीपर वगैरे. बऱ्याच ठिकाणी हे काम बिनपगारी असतं आणि येणारे लोक म्हणजे स्वतःचं पोरगं पोहतंय म्हणून तासन्‌तास बाकावर बसून कंटाळलेले आईबाप, नाहीतर रेसिंग सोडलेले जुने स्विमर. स्वतः भारी पोहता यायलाच हवं असं काही नाही. नियम वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सचे (१९०८ मध्ये फिना म्हणून सुरू झालेली संघटना), पण अ‍ॅक्रेडिटेशन देतो तो त्या त्या देशाचा महासंघ, म्हणून लेव्हलची नावं, वयाची अट, किती सेशन भरायची हे सगळं वेगवेगळं. गाभा साधारण सारखाच: नोंदणी, एखादं क्लिनिक (म्हणजे प्रशिक्षणाचा वर्ग), लेखी परीक्षा, मग अनुभवी ऑफिशियलच्या शेजारी उभं राहून प्रॅक्टिकल, लॉगबुकात सह्या आणि शेवटी सर्टिफिकेट.

सुरुवात बहुतेकांची टाइमकीपिंगने होते. एका लेनच्या तीन घड्याळांपैकी दोन जुळली तर तोच टाइम, तिन्ही वेगळी आली तर मधला, आणि दोनच चालली तर सरासरी, एवढं पाठ असलं की पेपरचा तो भाग संपला. अवघड असतं ते नजर भिंतीवर ठेवणं. नवखा माणूस रेस बघत बसतो आणि स्विमर शेवटच्या दोन मीटरवर आला की अंगठा आपोआप दाबला जातो, म्हणून कडेला येऊन, खाली वाकून, हात भिंतीला लागलेला दिसल्यावरच घड्याळ थांबवायचं हे परत परत करून घेतात. टचपॅड (हात लागला की आपोआप वेळ नोंदवणारी भिंतीवरची पाटी) असताना हे कशाला, असा प्रश्न दर क्लिनिकला कोणीतरी विचारतोच; पॅड नीट दाबलं गेलं नाही तर बॅकअप हाच असतो. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलला लान्स लार्सनला तीन घड्याळांनी ५५.०, ५५.१, ५५.१ दिले आणि जॉन डेव्हिटला तिन्हींनी ५५.२, तरी फिनिश जजच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून गोल्ड डेव्हिटला गेलं आणि लार्सनचा टाइमसुद्धा ५५.२ लिहिला गेला. त्या गोंधळानंतर इलेक्ट्रॉनिक टायमिंगची मागणी जोरात वाढली.

खरी परीक्षा टर्न आणि स्ट्रोक जजिंगला. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकाच वेळी पण वेगवेगळे भिंतीला लागले का, बॅकस्ट्रोकचा (पाठीवर पोहण्याचा) टर्न घेताना पालथं झाल्यावर हात लगेच ओढला की नुसतंच तरंगत आला, रिलेत पुढच्याचे पाय आधीचा पोचायच्या आत ब्लॉकवरून (उडी मारायच्या ओट्यावरून) सुटले का, हे सगळं क्षणभरात संपतं आणि पाणी उडालेलं असतं ते वेगळंच. इथे शिकवतात ती गोष्ट ऐकायला उलटी वाटते: चुका शोधायला जायचं नाही, समोर आलेली चूक स्पष्ट दिसली तरच सांगायची, शंका असेल तर फायदा स्विमरचा. ‘स्ट्रोक विचित्र दिसला’ हे कारण होत नाही, विचित्र पोहणं नियमात बसू शकतं.

आणि दिसलं तेवढ्यावर भागत नाही, डीक्यू (डिस्क्वालिफिकेशन, म्हणजे बाद करणं) स्लिप लिहावी लागते: लेन, हीट (कितवी फेरी), कुठल्या भिंतीजवळ, नेमकं काय केलं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बॅकस्ट्रोकला सगळ्यांच्या पुढे येऊन भिंतीला लागलेल्या अ‍ॅरन पिअर्सोलला टर्न चुकला म्हणून बाद केलं आणि थोड्याच वेळात निर्णय फिरला, कारण जजने लिहिलेला रिपोर्ट पुरेसा नव्हता. माझ्या मते क्लिनिकमध्ये या एका कागदावर जितका वेळ घालवतात त्याच्या दुप्पट घालवला पाहिजे. रेफरी पहिला प्रश्न विचारतो तो ‘तू काय पाहिलंस?’ आणि तिथे अडखळलात तर डीक्यू तिथेच संपतो.

स्टार्टर आणि रेफरी बरेच पुढचे टप्पे. रेफरीच्या छोट्या शिट्ट्या म्हणजे कपडे काढून तयार व्हा, लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढा (बॅकस्ट्रोकला पाण्यात उतरा, मग दुसऱ्या लांब शिट्टीला भिंतीपाशी या), मग रेफरी हात लांब करून हीट स्टार्टरच्या ताब्यात देतो. पुढे सगळे स्थिर होईपर्यंत थांबायचं, घाई केली की फॉल्स स्टार्ट आपणच ओढवून घेतो. आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वतःहून अर्ज करून जाता येत नाही, नाव देशाच्या महासंघाकडून जावं लागतं.

सर्टिफिकेट आयुष्यभराचं नसतं, ठरावीक काळाने रिन्यू करावं लागतं, कारण नियम हलत असतात. ब्रेस्टस्ट्रोकच्या पुलआउटमध्ये (स्टार्ट किंवा टर्ननंतरच्या पाण्याखालच्या ओढीत) एक डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ) २००५ पासून चालायला लागली. बॅकस्ट्रोकच्या फिनिशला डोकं शेवटच्या ५ मीटरच्या खुणेपुढे गेलं की पूर्ण पाण्याखाली गेलेलं २०२३ पासून चालतं, आधी त्याच गोष्टीसाठी डीक्यू व्हायचा.