दहा टक्क्यांच्या नियमामागचे तळे

गवताकडच्या ऊर्जेपैकी दहा टक्के टोळाला, टोळाकडची दहा टक्के बेडकाला, बेडकाकडची दहा टक्के सापाला. शालेय पुस्तकात ऊर्जेचा मनोरा असा चार ओळींत उरकतो आणि शेजारी लिंडमन या शास्त्रज्ञाचे नाव असते. मुले आकडा पाठ करतात, गुणही मिळवतात. पण हा आकडा कुणी, कुठे आणि काय मोजून काढला, हे कुणी सांगत नाही. खरे तर समजण्यासारखी गोष्ट तीच आहे.

सुरुवात नुसत्या मोजणीपासून झाली. 1921 मध्ये चार्ल्स एल्टन हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी ऑक्सफर्डच्या मोहिमेबरोबर उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गन भागात गेला. तिथे जीवजातीच मोजक्या, त्यामुळे कोण कोणाला खातो हे शोधता येण्याजोगे होते. ध्रुवीय कोल्हा उन्हाळ्यात पक्षी खातो, पक्षी किडे आणि पाने-फळे खातात. हिवाळ्यात पक्षी निघून गेले की हाच कोल्हा ध्रुवीय अस्वलांनी मारलेल्या सीलचे उरलेसुरले खातो, वेळ पडली तर अस्वलाची विष्ठाही. म्हणजे जमिनीवरची साखळी समुद्रातल्या साखळीत जाऊन अडकते. एल्टनने 1927 मधल्या पुस्तकात अन्नसाखळीची कल्पना नीट मांडली आणि संख्येचा मनोराही: खाली असंख्य लहान जीव, वर थोडेच मोठे.

पण डोकी मोजून भागत नाही. एका मोठ्या झाडावर हजारो किडे जगतात. तिथे मनोरा उलटाच होतो!

दरम्यान 1935 मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ले यांनी ‘परिसंस्था’ या अर्थाचा इंग्रजी शब्द छापील चर्चेत आणला. त्या काळी काही अभ्यासक जंगलाला एक महाकाय सजीव मानत. टॅन्स्लेंना ते पटत नव्हते. सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा यांची मिळून एकच व्यवस्था होते, असे त्यांचे म्हणणे होते. आज हे वाक्य अगदी साधे वाटते, पण अभ्यासाची चौकट त्याने बदलली.

या चौकटीत ऊर्जेचा हिशेब मांडला रेमंड लिंडमनने. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातले सीडर बॉग हे छोटेसे तळे त्याने निवडले. तळे गाळाने भरत आलेले, खोली जेमतेम मीटरभर. पत्नी एलेनॉरच्या मदतीने त्याने पाच वर्षे तिथले शेवाळ, पाणवनस्पती, सूक्ष्म प्राणी, तळाशी राहणारे किडे यांचे नमुने गोळा केले. त्याच्या आकृतीत मधोमध कोणता प्राणी नाही, तर तळाचा गाळ आहे. मेलेले सगळे तिथे जाते, जिवाणू ते कुजवतात आणि त्यातूनच पुन्हा अन्न सुरू होते. मला ही आकृती पुस्तकातल्या सरळ रेषेतल्या साखळीपेक्षा कितीतरी खरी वाटते. विघटकांना आपण कोपऱ्यात बसवतो, त्याने त्यांना केंद्रस्थानी ठेवले.

त्याने प्रत्येक पोषण पातळीचे, म्हणजे अन्नसाखळीतल्या प्रत्येक पायरीचे, उत्पादन कॅलरींत मांडले. ते वजन किंवा संख्या यांत न मोजता ऊर्जेत मोजल्यामुळे झाड आणि किडा एकाच मापाने तोलता आले. तळ्यावर पडणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी वनस्पतींनी जेमतेम 0.10 टक्के पकडली होती. त्यातली 13.3 टक्के प्राथमिक भक्षकांकडे, म्हणजे वनस्पती खाणाऱ्यांकडे, गेली आणि त्यांच्याकडची 22.3 टक्के द्वितीय भक्षकांकडे, म्हणजे त्यांना खाणाऱ्यांकडे. बाकीची जगण्याच्या खटाटोपात, श्वसनात उष्णता होऊन गेली, काही न खाल्लेल्या आणि न पचलेल्या भागात राहिली. म्हणूनच साखळी चार-पाच कड्यांपुढे सहसा जात नाही.

या आकड्यांत ‘दहा’ कुठेच नाही. तो पुढे वेगवेगळ्या ठिकाणच्या मोजण्यांवरून आलेला ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्षात प्रमाण साधारण 5 ते 20 टक्क्यांच्या दरम्यान हलते. गणित सोडवायला दहा धरावेत, पण त्याला अटळ नियम म्हणून शिकवू नये.

लिंडमनचा शोधनिबंध दोन्ही परीक्षकांनी नाकारला होता. एवढ्या थोड्या माहितीवर एवढा मोठा सिद्धान्त नको, असा त्यांचा आक्षेप होता. मार्गदर्शक एव्हलिन हचिन्सन यांनी आग्रह धरला, संपादकांनी मान्य केले आणि ऑक्टोबर 1942 मध्ये तो छापून आला. त्याआधीच, जूनमध्ये, यकृताच्या आजाराने लिंडमन गेला होता. तेव्हा तो 27 वर्षांचा होता.